उसाच्या पात्यावरून डोळ्यात

मी बुरशी बोलतेय. शिळ्या भाकरीवर हिरवट बसते ती माझी बहीण. मी रानातली. कुरुंदवाडजवळच्या उसाच्या फडात, वाळलेल्या पाचटावर जन्मले. मला पान नाही, मूळ नाही. ऊन पिऊन जगता येत नाही. ज्यावर बसते त्यावर रस सोडायचा, ते विरघळवायचं आणि शोषायचं, एवढंच मला येतं. पाचटाची माती होते ती आमच्यामुळं. कुणाचं वाईट करावं असं मनात कधी नव्हतं.

त्या थंडीत मी नजरेलाही न दिसणारा कण होऊन एका पात्याच्या कडेवर बसले होते. संयोगिता म्हशींसाठी वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करत होती. भारा उचलताना पातं सपकन फिरलं आणि तिच्या डाव्या डोळ्याला चाटून गेलं. बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्याला बारीक चरा पडला. मी त्या चऱ्यात उतरले.

तिनं पदरानं डोळा पुसला आणि भारा डोक्यावर घेऊन घर गाठलं.

तो पडदा ओला, उबदार. तिथं रक्त पोचत नाही, त्यामुळं शरीराचे शिपाई यायला उशीर लागतो. मला अंकुर फुटला, तंतू निघाले. मग शिपाई आले आणि डोळा लालभडक झाला.

"बघू गं," सासू शालूबाई म्हणाल्या. "माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं औषध उरलंय. मला गुण आलता."

त्यांनी मायेनं थेंब सोडले. लाली उतरली, ठणका कमी झाला, शालूबाईंना हायसं वाटलं. पण त्या औषधानं मला काहीच झालं नव्हतं. त्यानं थोपवलं होतं ते शिपायांना. मला अडवणारं आता कुणी नव्हतं. मी पसरत राहिले, खोल जात राहिले.

एके सकाळी धार काढताना चरवी भरून दूध खाली सांडायला लागलं, तरी संयोगिताचे हात थांबेनात. शालूबाई धावत आल्या. सुनेच्या काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका उमटला होता.

"दिसत न्हाय आत्ती."

"उजवा हाय की चांगला. चल, दवाखान्यात जाऊ."

संयोगिता चाचपडत उठली. मी त्या डोळ्यात होते म्हणून मला ठाऊक होतं, सगळा कारभार या एकट्यावरच चालला होता. उजवा लहानपणापासून अधू. त्यातून फक्त उजेड-सावली कळायची. माहेरच्यांनी लग्नात ते लपवलं होतं, आणि संयोगिताही इतकी वर्षं गप्प होती.

कोल्हापूरच्या एका दवाखान्यात डॉक्टर जुलेखांनी तिचा डावा डोळा झाकला आणि समोर हात धरला. "ताई, बोटं किती?"

"सावली हाय एवढं कळतंय."

शालूबाई खुर्चीवरून अर्धवट उठल्या आणि परत बसल्या.

डॉक्टरांनी डोळा बधिर करून पडदा हलकेच खरवडला. माझे दोन भाग झाले. एक डोळ्यातच राहिला. दुसऱ्यातला थोडा काचपट्टीवर गेला, थोडा, मी वाढावी म्हणून माझं खाणं ओतलेल्या एका झाकणबंद बशीत. सूक्ष्मदर्शकातून त्यांनी माझे तंतू पाहिले आणि मान वर केली.

"बुरशी आहे. डोळ्यात काय घातलं होतं?"

"मी घातलं," शालूबाई म्हणाल्या. "माझंच उरल्यालं."

"मावशी, त्यानं लाली गेली, पण बुरशीला मोकळं रान मिळालं. आता ती आणखी आत गेली तर पडद्याला भोक पडेल. मग दुसऱ्या कुणाचा पडदा बसवावा लागेल, तोही मिळाला तर."

बुरशीचं औषध दुधासारखं पांढरं होतं. हलवून तासातासाला घालायचं होतं. नवरा यशराज ट्रॅक्टर सोडून गोठ्याकडं थांबला, आणि शालूबाई सुनेजवळ वॉर्डात राहिल्या.

"सांगितलं का न्हाईस?" पहिला थेंब घालताना त्यांनी विचारलं.

"सांगितलं असतं तर सोयरीक मोडली असती."

"मोडली असती," शालूबाई म्हणाल्या. मग बाटली हलवली. "वर बघ."

तो थेंब माझ्या तंतूंचं बाहेरचं आवरण फोडत होता. वरचे तंतू मेले. पण मी खोल होते, तिथं औषध जेमतेम झिरपायचं. रोज सकाळी डॉक्टर दिवा लावून बघायच्या आणि दोघी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायच्या. एक दिवस त्या नुसत्याच "हं" म्हणाल्या. मी पडद्यात पाडलेला खड्डा वाढला होता. संयोगितानं चादर मुठीत धरली. शालूबाईंनी त्या दिवशी जेवणाचा डबा उघडला नाही, पण थेंब एकही चुकवला नाही.

मी पुढं सरकायला बघत होते आणि वरून ते पांढरं पाणी येतच होतं. अखेर माझी टोकं झडू लागली.

"खड्ड्याच्या कडा बोथट झाल्यात," डॉक्टर एका सकाळी म्हणाल्या. "पडदा टिकला."

डोळ्यातली मी संपले. तिथं पांढरा वण राहिलाय. आज संयोगिता तपासणीला आली होती. बशीतली मी शेजारच्या खोलीतून ऐकत होते. तिला धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं, पण माणूस ओळखू येतो. पुढंमागं पडदा बदलायचा विचार करू, असं डॉक्टर म्हणाल्या.

"तोवर वाडं मी आणतो," शालूबाई म्हणाल्या.

"आत्ती, तुमच्या डोळ्याला लागलं तर?"

"मग तू थेंब घालशील."

डॉक्टरांनी दोघींनाही रानात जाताना चष्मा लावायला बजावलं.

या बशीत मी कापसासारखी फुललेय, कडेला थोडी जांभळी. मी कोण ते डॉक्टरांना कळलं, माझं काम झालं. थोड्या वेळात मला मारायला कडक वाफेत घालतील. फडात माझी भावंडं पानोपानी बसलीत. त्यांना तुमचा डोळा नको, पाचट पुरतं. पण पातं लागलं आणि डोळा लाल झाला, तर घरातली उरलेली बाटली उघडू नका. सरळ डॉक्टरकडं जा. आम्हाला एकदा वाट मिळाली की थांबता येत नाही.