गुरुपादचं बेलपान

“हाण की बे गाडी! अजून किती माणसं कोंबतो?” गुरुपाद जीपवाल्यावर खेकसला. युसूफवडगाव ह्या गावी उत्तरेश्वरच्या लग्नपत्रिकांच्या दुकानावर कंपनीचा साहेब हवालदार घेऊन आलाय, हा निरोप कळल्यापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता.

गुरुपादचं केजला छपाईचं दुकान. कॉम्प्युटरवर मराठी उमटवणारा ‘बेलपान’ नावाचा प्रोग्रॅम त्यानं डोळे फोडून स्वतः लिहिला आणि गावोगावच्या दुकानदारांना फुकट वाटला. अट एकच, कुणी काही सुधारलं तर ती फ्लॉपी परत आणायची, म्हणजे सगळ्यांना मिळेल. पार चकलांब्याहून लोक फ्लॉप्या घेऊन यायचे. त्यात सगळ्यात तल्लख उत्तरेश्वर. जोडाक्षरं त्यानंच मार्गी लावली.

मग पुण्याची एक छोटी कंपनी आली. बेलपान सीडीवर घालतो, फुकटच ठेवतो, म्हणाली. केजात सत्कार ठेवला. हार, शाल, श्रीफळ आणि सहीला एक कागद. आता तुम्हीच सांगा, गळ्यात हार पडलाय, समोर गाव टाळ्या वाजवतंय, अशात कागद कोण वाचत बसतं? पाव्हण्यावर संशय घेतल्यासारखंच की ते! केली सही. पुढं त्या पुण्याच्या कंपनीला एका बड्या कंपनीनं गिळलं. म्हैस विकली की रेडकूही दावणीवरून जातं, तसं त्या सहीपायी बेलपान गेलं. नवे मालक म्हणाले, वापरायचं तर लायसन विकत घ्या. दुकानदारांनी ते हसण्यावारी नेलं. मग मेल्यांनी एकाला धरून बाकीच्यांना धाक घालायचं ठरवलं.

गुरुपाद धापा टाकत दुकानात शिरला. साहेब खुर्चीत, हवालदार दाराशी, उत्तरेश्वरची आई साखराबाई भिंतीला टेकून. कॉम्प्युटरचं मशीन चालू होतं, पण पडद्यावर बेलपानाचं नाव कुठंच नव्हतं. रंग निराळे, चित्र निराळं.

“हे म्या बनविलंय, सायेब,” उत्तरेश्वर म्हणत होता. “बेलपान न्हाईच हे.”

साहेबाला ते खोडता येईना. तो वैतागून उठायच्या बेतात होता.

नाव पुसलेलं पाहून गुरुपादच्या काळजात कळ उठली, खोटं कशाला बोला. पण तो भांडायला नव्हता आला, उत्तरेश्वरला सोडवायला आला होता. उत्तरेश्वर डोळ्यांनी नको नको म्हणत होता, तिकडं त्यानं बघितलंच नाही.

“सायेब, म्या गुरुपाद. बेलपान म्या लिवलंय आन् म्याच ह्याला फुकट दिलंय. ह्याचा काय गुन्हा?”

“हेच का ते बेलपान?” साहेबानं हळूच विचारलं.

“म्हंजी काय! अंगडं बदललं म्हणून आपलं लेकरू वळखू येत न्हाई व्हय?”

साहेब गोड हसला. “हक्क तुम्ही कधीच देऊन बसलात, गुरुपादजी. पण ओळख पटवलीत, आभारी आहे. हवालदार, लिहून घ्या.”

उत्तरेश्वर कळवळला. “आप्पा, जातच हुता की वो त्यो...”

“न्हाई, न्हाई सायेब, माझी चूक झाली. दुसरंच हाय हे,” गुरुपाद बडबडू लागला. हवालदार लिहीत राहिला.

साखराबाई रडली नाही की ओरडली नाही. “हे सांगाया यवढ्या लांबून आलता व्हय, आप्पा?” एवढंच म्हणाली. त्याला तिथंच मरण आलं असतं तर बरं झालं असतं.

ऐन लग्नसराईत मशीन वायरींसकट उचललं गेलं. साहेब आपल्या मोटारीनं पुढं निघून गेला. मशीन न्यायला केजचीच जीप होती, आणि गुरुपादलाही परतायला दुसरी नव्हती.

“आप्पा, ह्यो पडदा धरा जरा मांडीवर,” हवालदार म्हणाला. “रस्ता लई खराब हाय. काच फुटली तर पुरावा जाईल.”

गुरुपादनं खांद्यावरचा टॉवेल काढून काचेवर गुंडाळला, आणि केज येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला तो पडदा दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरला.