दोन आकड्यांचा गुणफलक

मित्रांनो, जरा नाक दाबूनच आत या. जिमखान्यामागच्या अडगळीच्या खोलीत, फाटक्या गाद्यांशेजारी टेकवून ठेवलेला जुना लाकडी गुणफलक तो मीच. कॉलेजांच्या बास्केटबॉल स्पर्धेत कोणाचे किती गुण झाले, ते सगळ्या हॉलला मी सांगायचो. आज मला कोणी काही विचारत नाही, तेव्हा तुम्हीच ऐका.

मला कॉलेजच्या सुतारदादांनी घडवलं. काळा रंग दिला, दोन्ही संघांसाठी दोन-दोन खिळे ठोकले आणि त्यांवर अडकवायला आकड्यांच्या पत्र्याच्या पाट्या केल्या. "दोनच खिळे?" असं शिपाईमामांनी विचारलं तेव्हा दादा हसले. "शंभर गुण काय झाडाला लागलेत?"

तेव्हा ते खरंही होतं. पुढे असलेला संघ चेंडू इकडून तिकडे फिरवत नुसता वेळ काढायचा. पहिली फायनल चौतीस-एकतीस अशी संपली. पाट्या बदलणारे मामा स्टुलावर डुलक्या काढायचे. मग नियम आला, की अर्ध्या मिनिटात चेंडू बास्केटकडे मारायचाच. गुण पन्नाशीपुढे सरकले. नंतर जमिनीवर मोठी कमान रंगवली; तिच्या बाहेरून टाकला तर तीन गुण. मधली काही वर्षं नुसती धक्काबुक्की चालली आणि आकडे पुन्हा खाली आले. पंच शिट्ट्या फुंकायला लागले तसे सत्तर झाले, ऐंशी झाले, नव्वदही झाले. मामांना दम खायला उसंत मिळेना. लोक आत येताच आधी माझ्याकडे बघायचे. मी फुशारलो होतो, खोटं कशाला बोलू?

दादांची मुलगी त्याच कॉलेजात आली आणि मुलींच्या संघाची कर्णधार झाली. चणीनं लहान, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. यंदा फायनलला शंभर करायचेच, हे तिनं मनावर घेतलं होतं. तोवर तिथं कोणीच केले नव्हते. एका दुपारी दादा माझी खिळखिळी झालेली चौकट ठोकत होते, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, इथं तिसरा खिळा मारा ना. एकाची पाटी लागेल."

"आधी करून तर दाखव," दादा म्हणाले. "उगाच भोकं कशाला पाडायची?"

दादांच्या हातात हातोडा होता, खिशात खिळे होते. दोन मिनिटांचं काम. मला अजून त्याचा राग येतो.

फायनलला दादा पहिल्या रांगेत बसले होते. शेवटी शेवटी आमचे अठ्ठ्याण्णव झाले, समोरच्यांचे एक्क्याण्णव. चिमणी दोघींच्या मधून घुसली आणि चेंडू जाळीतून खाली पडला. शंभर झाले. मामांनी नऊ काढला, आठ काढला आणि ते माझ्याकडे बघतच राहिले. मग बिचाऱ्यांनी दोन शून्यं लावली. आधी कोणीतरी खुसकन हसलं, मग सगळा हॉल हसला. चिमणीनं माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. खेळ संपल्यावर चषक मैत्रिणीच्या हातात देऊन ती निघून गेली. पेपरात संघाचा फोटो आला, त्यात ती नाही. माझी दोन शून्यं मात्र ठळक दिसतात.

कॉलेजची शोभा झाली म्हणून दिव्यांचा नवा फलक आणला आणि माझी रवानगी इथं झाली. सगळं खापर माझ्यावर. चिमणी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली. फोन करते ती आईला, बाबांशी बोलत नाही. मामाच सांगत होते.

एक दिवस दादा हातोडा घेऊन इथं आले. तिसरा खिळा ठोकला आणि घरून रंगवून आणलेली एकाची पाटी त्यावर अडकवली. शेजारी दोन शून्यं लावली. "घे बाई, झाले तुझे शंभर," असं म्हणून गादीवर बराच वेळ बसून राहिले. अजूनही येतात, पाटी पुसतात आणि जातात. ती आलेली नाही.

मित्रांनो, मला बाहेर काढा असं मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात कोणी काही मोठं करायला निघालं असेल, तर त्याची जागा आधीच करून ठेवा. चार भोकं पडली तर पडू देत. माझ्यावर आज शंभर लागले आहेत, अगदी बरोबर, आणि बघायला फक्त या गाद्या आहेत.