बाहीतली निळी दोरी

दोरी कधी बोलते का, असं म्हणाल तर म्हणा. मी बोलणार. आजवर फार गप्प बसले.

मी निळ्या नायलॉनची, हातभर लांबीची. जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण तिथलं मला काही आठवत नाही. आठवते ती आस्ब्यर्नची मासेमारीची बोट, नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरची. त्याच्या जाळ्याला मी बांधलेली होते. एकदा जाळं फाटलं, त्याने मला कापून बाजूला टाकलं आणि त्याच्या चिमुरड्या मुलीने, एल्ड्रिडने, मला उचललं. डोळ्यांसमोर धरून तिने मला गरागरा फिरवलं आणि ती खदखदून हसली. जाळी ओढण्यापेक्षा हे काम मला कितीतरी आवडलं.

एल्ड्रिडला ऑटिझम आहे. आज ती तिशी ओलांडलेली बाई आहे, पण आंघोळीला, जेवायला, रस्ता ओलांडायला तिला सोबत माणूस लागतं. रात्री मध्येच उठून ती बोटींच्या धक्क्याकडे चालू लागते, म्हणून रात्रीही घरात कुणीतरी जागं लागतं. शब्द तिच्याकडे मोजके. बाकीचं बोलणं ती माझ्याकडून करून घेते. मी सावकाश फिरले तर सगळं ठीक आहे. जोरात फिरले तर गोंगाट फार झालाय, आवरा.

शाळेत एक बाई होत्या. "शांत हात, एल्ड्रिड," हे त्यांचं पालुपद. हात मांडीवर राहिले की तिला एक मनुका मिळायची, आणि मी दिसले की माझी रवानगी बाईंच्या खणात. बाई स्वभावाने वाईट नव्हत्या, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. पोरगी हुशार, शिकली. चारचौघांत हात मांडीवर, ओठांवर हसू आणि "छान आहे, आभारी आहे." मी गेले बाहीच्या आत, तिच्या मुठीत.

लोकांना वाटतं, ऑटिझम असलेल्यांतले जे नोकरी करतात, घडाघडा बोलतात, तेच मुखवटा घालतात. हिला कुठलं जमतंय नाटक? ही जशी दिसते तशीच असणार. अहो, एकदा मुठीत येऊन बघा. बाहेर हसू असतं आणि आत तिची नखं माझ्या पिळांत रुतलेली असतात. पाहुणा गेला की ती मनगट चावते, न्हाणीघराच्या दारावर डोकं आपटते, दुसऱ्या दिवशी अन्नाला शिवत नाही. ते बघायला पाहुणा थांबलेला नसतो.

गेल्या हिवाळ्यात नगरपालिकेचा स्टाइनार आला. सोबतीच्या माणसांचा खर्च नगरपालिका करते, म्हणून एल्ड्रिडला रात्रीचं माणूस खरंच लागतं का, हे त्याला ठरवायचं होतं. तिला सांभाळणारी टूर्डिस सकाळपासून राबत होती. फरशी पुसली, मेणबत्त्या लावल्या, वॉफल भाजून वर तपकिरी चीज ठेवलं. एल्ड्रिडला ठेवणीतला लोकरी स्वेटर घालून तिने सवयीने सांगितलं, "हात मांडीवर हं, राणी." एल्ड्रिड बसली, हसली, "छान आहे, आभारी आहे," म्हणाली. स्टाइनारने पोटभर खाल्लं, कॉफी प्यायली आणि "कॉफीबद्दल आभार," म्हणून तो उठला. आमच्याकडे पाहुणा असं म्हणाला की भेट संपली. एल्ड्रिडला ते पक्कं ठाऊक आहे. तेवढे शब्द कानावर येईपर्यंत ती दम धरते. त्याची गाडी वळणापलीकडे गेली आणि न्हाणीघराचं दार वाजायला लागलं.

आठवड्याभरात निकाल कळला. एल्ड्रिडबाई शांत आहेत, रात्रीचं माणूस पुढल्या महिन्यापासून बंद.

आस्ब्यर्न त्याच्या घरून तडक आला. "वॉफल खाऊ घातलेस त्याला," तो टूर्डिसला म्हणाला.

"मग काय, पाहुण्याला पसाऱ्यात बसवू?"

"पसाराच बघायला आला होता ना तो. तू त्याला सुखाचं घर दाखवलंस. आता रात्री पोरगी धक्क्यावरून पाण्यात गेली, तर मेणबत्त्या लावून बस."

टूर्डिसला ते लागलं. तिने भांडून स्टाइनारला पुन्हा बोलावलं आणि या खेपेला मुद्दाम काहीच केलं नाही. फरशी नाही, वॉफल नाही, कॉफीसुद्धा नाही. "आज दोरी बाहेर काढ, पोरी," आस्ब्यर्न लेकीला म्हणाला. मी मनातून तयारच होते.

पण मुखवटा असा सांगून उतरत नाही. दाराशी बूट वाजले आणि तिचे हात आपोआप मांडीवर गेले. तेच हसू, तेच "छान आहे." स्टाइनार कौतुकाने म्हणाला, "बघा, किती गोड बसलीये." बापाचा चेहरा पडला.

स्टाइनार बोलत राहिला. एल्ड्रिड टेबलाकडे बघत होती. तिथे कपच नव्हते. कॉफीच नाही, तर कॉफीबद्दल आभार कोण मानणार, आणि भेट संपणार कशी? ही गोष्ट तिथल्या एकाही शहाण्याच्या डोक्यात आली नव्हती. मला मात्र मुठीत कळत होतं. मूठ आवळत चालली, घामाने मी भिजले, आणि तो माणूस उठायचं नाव घेईना.

मग ती उठली. खुर्ची मागे कोसळली. तिने मनगट दातांत धरलं, सोडलं, आणि मला बाहीतून ओढून त्याच्या नाकासमोर असं फिरवलं की माझे धागे त्याच्या चष्म्यावर आपटले.

"छान नाही," ती म्हणाली. "जा."

हे वाक्य तिला कुणीच शिकवलं नव्हतं. ते तिचं स्वतःचं होतं.

स्टाइनार भिंतीला टेकला. "अहो, तिला शांत करा ना."

"मी नाही करणार," टूर्डिस म्हणाली. "तुम्ही कॉफीबद्दल आभार माना, म्हणजे ती सुटेल."

"पण मी कॉफी प्यायलोच कुठे?"

"तरी माना."

त्याने मानले. एल्ड्रिड मटकन जमिनीवर बसली आणि मला फिरवत राहिली. टूर्डिस तिचं मनगट ओल्या फडक्याने पुसू लागली. "गेल्या खेपेला तुमची गाडी गेल्यावर हेच झालं होतं," आस्ब्यर्न म्हणाला.

"दर वेळी होतं?"

"दर वेळी."

रात्रीचं माणूस राहिलं. पण मला आनंदाने नाचायला सांगू नका. आपलं खरं वाटावं म्हणून एल्ड्रिडला परक्या माणसासमोर मोडून पडावं लागलं, आणि याची मला अजून चीड येते. आस्ब्यर्नने स्टाइनारला बजावलंय, "पुढच्या वर्षी आमचं बोलणं ऐकायला या. तमाशा पुन्हा मिळणार नाही."

मी आता विरलेय, एका टोकाला गाठ मारलीय, पण बाहीत परत गेले नाही. पाहुणे आले तरी मी हातात असते, दुकानातही असते. परवा बेकरीच्या रांगेत एल्ड्रिड मला फिरवत होती, तेव्हा एक बाई टूर्डिसच्या कानाशी लागल्या, "आज बरं नाही वाटतं हिला?"

"बरंय, म्हणूनच तर फिरवतेय," टूर्डिस चांगली मोठ्याने म्हणाली. "जरा मागे सरा, दोरी लागेल."

बाई सरल्या. तुम्हालाही माझं तेवढंच सांगणं आहे. आम्हाला शांत बसवायला येऊ नका, थोडं मागे सरा.