क्लेमचा टोमॅटो

होबार्टला आमच्या गल्लीत नाताळच्या आधी ज्याच्या परसात पहिला टोमॅटो पिकतो, तो वर्षभर मान ताठ ठेवून फिरतो. क्लेम पायबसनं हा मान सलग एकोणीस वर्षं कुणाला घेऊ दिला नाही. बी त्याच्या वडिलांचं, बिननावाचं. "याच्याइतकं लवकर काहीच पिकत नाही," असं तो छातीठोक सांगायचा. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे इथं दक्षिण गोलार्धात जूनमध्ये, तो गेला.

त्याची बायको नेरिडा कधी बागेत रमली नव्हती. पण ऑक्टोबरच्या शेवटी तिनं चार जाती लावल्या : स्टुपिस, टायगरेला, ग्रॉस लिस आणि क्लेमचं बी. प्रत्येकाची दोन रोपं, एकाच दिवशी, एकाच वाफ्यात, खतही मोजून सारखं.

"क्लेमचा किती दिवसांनी पुढे असतो, ते एकदा लिहूनच ठेवते," ती मला म्हणाली. मी शेजारीच राहते. रोज संध्याकाळी ती वाफ्यापाशी वाकलेली दिसायची.

बावीस डिसेंबरला स्टुपिस लाल झाला. नेरिडा हसली, "या वर्षी थंडी लांबली ना." सहा जानेवारीला टायगरेलावर केशरी पट्टे उमटले. चोवीसला ग्रॉस लिस. क्लेमचे मात्र हिरवेगार, दगडासारखे. त्यांतला पहिला पिकला अकरा फेब्रुवारीला. सगळ्यांच्या मागून!

तो हातात घेऊन ती कुंपणापाशी गेली. पलीकडे नेलो घेवड्याला पाणी घालत होता. प्लंबर होता तो. ऐंशीचा झाला, तरी जीभ पंचविशीची.

"नेलो, माझं काय चुकलं रे?"

"तुझं? काही नाही. ते बी जन्माचंच आळशी आहे."

"मग एकोणीस वर्षं?"

नेलोनं नळ बंद केला. "शाळेत शिपाई होता ना, तिथल्या बॉयलरच्या उबदार खोलीत रोपं करायचा तो. आम्ही ऑगस्टमध्ये बी टाकायचो, तो मे महिन्यातच. एकदा पाइप दुरुस्त करायला गेलो, तर खिडकीत रांगेनं डबे! नोकरी संपली, तरी चावी काही परत दिली नाही पठ्ठ्यानं."

"आणि तू गप्प बसलास? दरवर्षी हरायचास की!"

"अगं, पहिला टोमॅटो कापून अर्धा तो मला आणून द्यायचा. वर मीठ घालून. तोंडावर काय आनंद असायचा! तो कसा घालवू?"

नेरिडानं हातातल्या टोमॅटोकडे पाहिलं. मग म्हणाली, "लबाड मेला," आणि हसता हसता रडायला लागली. नेलोनं कुंपणावरून आपला मळका रुमाल पुढे केला. तो बघून ती आणखीच हसली.

एप्रिलमध्ये थंडी सुरू झाली, तशा बाकीच्या जाती करपून गेल्या. क्लेमच्या दोन रोपांना मात्र अजून फळं लागत होती, आधीपेक्षा गोड. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिनं मला आणि नेलोला जेवायला बोलावलं. पाव, चीज, आणि जाड कापलेल्या फोडी. गल्लीत त्या दिवशी टोमॅटो फक्त तिच्याकडेच होता.

"बी ठेवणार ना?" मी विचारलं.

"ठेवलं पण," ती म्हणाली. खिडकीत कागदावर बिया वाळत पडल्या होत्या.