ओल्या मक्याची कोठी

जमिनीचं गिऱ्हाईक यायच्या आत व्हर्लिन कोठीचं काम हातावेगळं करेल, असं जनेलला वाटलं होतं. पण त्याची सगळी सकाळ तुटलेला पट्टा बदलण्यात गेली, आणि मुख्य रस्त्यावर पाहुण्यांच्या गाडीमागची धूळ दिसू लागली तेव्हा तो नुकता कुठे ऑगर जोडत होता. कोठीच्या तळातून मका ओढायचा, वर चढवायचा आणि ट्रकमध्ये ओतायचा, एवढंच त्या लांब नळीचं काम.

"आज राहू दे," जनेल म्हणाली. "मी त्यांना शेत दाखवून आणते. परत आले की इथे उभी राहीन. मग चालू कर."

"उभी राहून काय करणार? मक्याला धडा वाचून दाखवणार?"

"बटण बंद करणार. वेळ आली तर."

व्हर्लिन हसला. तोंड न उघडता, बाबांसारखा. "ट्रक भाड्याचा आहे, बाईसाहेब. जमिनीचा ताबा द्यायचा तर कोठी रिकामी हवी. आणि तू सोमवारी परत तुझ्या शाळेत."

"मग ऑर्विलला बोलाव. मैलभर तर आहे त्याचं घर."

"आणि त्याला काय दाखवू? हे?"

त्याने मूठ उघडली. दाणे काळपट होते, एकमेकांना चिकटून त्यांची ढेप झाली होती. आंबलेल्या दारूसारखा वास आला. जनेलने मान फिरवली.

त्यांच्या वडिलांचा, हॅल्वर ऑस्ट्रेमचा, मका कोरडा म्हणून साऱ्या टापूत नावाजलेला. खरेदी केंद्रावरची माणसं म्हणायची, हॅल्वरचा मका तपासायचा तर आधी त्यावर पाणी शिंपडावं लागेल. मागच्या पानगळीत मात्र पाऊस हटला नाही, आणि हॅल्वरच्या पोटात काय वाढतंय ते त्याने कोणाला सांगितलं नाही. मका ओलाच कोठीत गेला. वाळवणीचा पंखा कधी लावला, कधी लावलाच नाही. मार्चमध्ये तो गेला. उन्हाळाभर कोठीतला मका आतल्या आत घट्ट धरत गेला, वरून दगडासारखा झाला. हे फक्त दोघांना माहीत होतं. ते झाकायचं, असं दोघांनी एकमेकांना न विचारताच ठरवलं होतं.

"आत उतरू नकोस," ती म्हणाली.

"बाबा चाळीस वर्षं उतरले. ऑगर चालू ठेवून. कांबीने टोचायचे, मका सुटला की वर यायचे. झालं कधी काही?"

"नाही."

"मग?"

चाळीस वर्षं कोठीत उतरणारा माणूस दवाखान्यातल्या पांढऱ्या चादरीवर मेला होता, नखं स्वच्छ कापलेली. बापाचं नशीब पोराने पद्धत म्हणून उचललं होतं. हे तिला नेमकं सुचलं तेव्हा गाडीची दारं उघडली होती आणि हसून पुढे जाणं भाग होतं.

ग्रँट हॅविलँडचे मिनियापोलिसला दातांचे दवाखाने होते. उंचापुरा, मोकळा माणूस. त्याची बायको मेरिएल नवे कोरे बूट घालून उतरली. एका बुटाच्या तळाला किमतीची चिठ्ठी अजून चिकटलेली होती.

"हा आधी म्हणाला, सोनं घेऊन ठेवू," चालता चालता मेरिएल सांगू लागली. "मग म्हणाला, सोन्यावर फेझंट पक्षी बसत नाहीत."

"बरोबरच आहे," ग्रँट म्हणाला. "इथे पीक आहे, त्याचं भाडं येईल. शिकार आहे, मित्रांना घेऊन येईन. आणि काही न करता पडून राहिली तरी वाढतेच. जमीन काही नवी बनत नाही."

"दात तरी कुठे नवे बनतात? ते तू बनवतोसच की."

जनेल हसली. पाठीमागे आवारात ऑगर सुरू झाला होता.

काढणी झालेल्या शेतातून ती त्यांना पिकअपने पाणथळापर्यंत घेऊन गेली; तिथून ते पायी निघाले. वारा घराकडून येत होता आणि आवाज सोबत आणत होता. मका भरून चाललेला ऑगर खोल आवाजात घुमतो, बांधलेल्या बैलासारखा. तिचं बालपण त्या आवाजात गेलं होतं. घुमतोय तोवर काळजी नाही. घुमतोय तोवर व्हर्लिन खाली उभा आहे, ट्रकपाशी, एक हात खिशात घालून.

ग्रँटने खाली वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरली. काळी, भुसभुशीत, गार. "ही किती खोल आहे हो अशी?"

"बाबा म्हणायचे, आम्ही कधी तळापर्यंत गेलोच नाही."

"आणि हे पाणी? नळ्या घालून काढून टाकलं तर आणखी पीक येईल की."

"पक्षी जातील मग."

"ऐकलंस?" मेरिएल म्हणाली. "एका दगडात तीन पक्षी मारायला निघालेत साहेब. एक तरी उडणारच."

तेवढ्यात लव्हाळ्यातून खरोखरच फेझंट उठले. एक, मग पाच-सहा, मग सगळं लव्हाळंच फडफडल्यासारखं झालं. तांबडी छाती, लांब शेपट्या. ग्रँटने लहान पोरासारखी हाताची बंदूक केली आणि तोंडाने आवाज काढला. मेरिएल टाळ्या वाजवू लागली. त्या गलक्यात जनेलच्या कानातून ऑगरचा आवाज सुटला.

पंखांचा फडफडाट थांबला तेव्हा ऑगरचा आवाज बदललेला होता.

आता तो घुमत नव्हता, खडखडत होता. रिकाम्या पातेल्यात चमचा फिरावा तसा. म्हणजे खालचा मका निघून गेला. वरचा धरून बसलाय, छतासारखा. मधे पोकळी.

आता बंद करेल, ती मनात म्हणाली. आता बंद कर, व्हर्लिन.

"किंमत मागच्या दहा वर्षांत किती वाढली असेल?" ग्रँट विचारत होता. "तुमच्या अंदाजाने?"

"बरीच," ती म्हणाली. ती मान तिरकी करून उभी होती. खडखड चालूच होती. कोणी बंद करत नव्हतं. कदाचित कांब शोधायला गेला असेल. कदाचित ट्रक पुढे घेत असेल.

"तुम्हाला बरं वाटतंय ना?" मेरिएलने विचारलं.

आणि मग आवाज पुन्हा भरला. तसाच खोल, जड, सुरळीत. ते छत आतून कोणी टोचल्याशिवाय पडत नाही.

"पिकअप," जनेल म्हणाली. "पिकअपकडे चला."

"काय झालं? काही बिघडलं का तिकडे?"

"नाही," ती पळतच म्हणाली. "मका येतोय."

ताटांच्या खुंटांवरून तिने पिकअप सरळ आवारात घातली. ट्रकपाशी कोणी नव्हतं. मका एका धारेने ट्रकमध्ये पडत होता. तिने आधी बटण बंद केलं. मग शिडी चढली, वरच्या झडपेतून आत डोकं घातलं. धूळ इतकी की आधी नुसता खोकला ऐकू आला.

व्हर्लिन छातीपर्यंत गाडला गेला होता. हात वर, कोणी बंदूक रोखल्यासारखे. त्याच्या पाठीमागे धरलेल्या मक्याची भिंत उभी होती, दोन पुरुष उंच, करडी-काळी, आणि तिच्या कडेवरून दाण्यांची बारीक ओळ सतत खाली ओघळत होती.

"बंद केलंस?" त्याने हळूच विचारलं.

"केलं. हलू नकोस."

"हलता आलं असतं तर इथे थांबलो असतो होय?"

शिडी थरथरली. ग्रँट वर येत होता. "दोर द्या मला. मी ओढतो."

"ओढू नका. मका सोडत नाही. खांदे निखळून येतील फक्त."

"मग मी आत उतरतो. दोघं मिळून—"

"तुम्ही खाली उतरा." पाहुण्याशी त्या घरात कोणी कधी असं बोललं नव्हतं. "आत्ता. आवाज न करता."

तो उतरला. खाली मेरिएलने फोन कानाला लावलेला होता. "पत्ता विचारतायत!"

"ऑस्ट्रेमांची कोठी म्हणा. त्यांना कळेल."

"नको, जनेल," आतून व्हर्लिन म्हणाला. घाबरलेला तो आता दिसला. "त्यांना नको बोलावू. ऑर्विलच येईल पुढे. सगळे येतील. सगळे बघतील हे."

"बघू देत."

"बाबांचं नाव—"

"बाबा मेले, व्हर्लिन."

मार्चपासून तिने तो शब्द उच्चारला नव्हता. वडील 'गेले', 'नाहीत', 'होते' एवढंच. व्हर्लिनने डोळे मिटले. भिंतीवरून ढेकळाएवढा एक तुकडा सुटला आणि त्याच्या खांद्याजवळ पडला. जनेल झडपेच्या कडेला पोटावर पडून राहिली, त्याच्या छातीकडे बघत. छाती वर येत होती, थोडी. मग खाली. प्रत्येक वेळी थोडी कमी वर येत होती.

बंब आला. त्या गावात फोन गेला की शेतकरीच ट्रॅक्टर सोडून बंबावर चढतात. सगळ्यात पुढे ऑर्विल होता, बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेला, पासष्टीचा. त्याने झडपेतून एकदा आत पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं, आणि बाकीच्यांना हाताने खूण केली: हळू. त्यांनी व्हर्लिनभोवती पत्रे रोवले, एकेक करून, पिंपासारखे. मग त्या पिंपातला मका डब्याने उपसत राहिले. कोणी भिंतीकडे पाहत नव्हतं. सगळे तिचा कानोसा घेत होते.

ऊन झाडांच्या रांगेमागे गेलं तेव्हा त्यांनी त्याला बाहेर काढला. एक बूट आतच राहिला. घोंगडी पांघरून, एका पायात नुसता मोजा, तो आवारात उभा होता आणि त्याचे दात वाजत होते. मेरिएलने गाडीतली कॉफी त्याच्या हातात दिली. ती त्याच्या बोटांवर सांडली, त्याला कळलं नाही.

तेव्हा भिंत पडली. मोठा आवाज झाला नाही. छपरावरून बर्फ घसरतो तसं काहीतरी आत बसलं, आणि वरच्या झडपेतून धुळीचा लोट बाहेर आला. मग तोही विरला.

ऑर्विलने आपल्या हातमोज्याला चिकटलेले दाणे पाहिले, हुंगले. बाकीच्यांना हुंगायची गरज नव्हती. वास साऱ्या आवारात पसरला होता.

"हॅल्वरने हा कधी भरला?"

व्हर्लिनने तोंड उघडलं. त्याच्या आधी जनेल म्हणाली, "मागच्या पानगळीतल्या पावसात."

"तेव्हा तो आजारी होता का?"

"होता. कोणाला बोलला नाही."

ऑर्विलने हातमोजा विजारीला पुसला. "आम्हाला हाक मारायची," तो म्हणाला. हे तो कोणाला म्हणाला, तिला की मेलेल्याला, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

ग्रँट मघापासून गाडीला टेकून उभा होता, कोपरापर्यंत धुळीने माखलेला. त्याने घसा खाकरला. "मी जमीन घेतली तर," त्याने अगदी साधेपणाने विचारलं, "आत जे उरलंय ते कोण रिकामं करणार?"

व्हर्लिनची नजर शिडीकडे गेली. जनेलने ती पाहिली. ऑर्विलनेही पाहिली असावी, कारण तो दोन पावलं सरकला आणि शिडीला पाठ लावून उभा राहिला.