उद्याची पाटी तुमची

मी एक पाटी आहे. मुले पेन्सिलीने लिहितात ती नव्हे. गोल पत्र्याची, लाल रंगाची, आणि दोन्ही अंगांना पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत 'थांबा' असे लिहिलेली. खाली हातभर लोखंडी नळी आहे आणि नळीवर हिरव्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली आहे. त्या पट्टीपाशी माझा जीव अडकला आहे. तो मोकळा व्हावा म्हणून आज बोलते.

जन्माने मी तेलाच्या पिंपाचे झाकण. पाबळच्या तंत्रशाळेतील मुलांनी मला कापले, कानशीने कडा घासल्या आणि नळीला सांधले. कडा इतक्या नीट घासल्या होत्या की आजवर माझ्यामुळे कोणाचे बोट कापलेले नाही. याचा मला अभिमान होता. माणसाला इजा करण्याचे इतर किती मार्ग असतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

मला करवून घेतले राजश्रीबाईंनी. शिक्रापूरजवळ हमरस्त्याला लागून चार वर्गांची एक शाळा आहे. तेथे त्या तिसरीला शिकवतात. शाळा रस्त्याच्या एका अंगाला आणि निम्मी मुले दुसऱ्या अंगाला, कारखान्यांत कामाला जाणाऱ्यांच्या खोल्यांतून राहणारी. मध्ये अहोरात्र मालमोटारी. मुले दप्तर पोटाशी धरून रस्त्याच्या कडेला कोंबडीच्या पिलांसारखी ताटकळत उभी राहत आणि मग कोणीतरी 'पळा' म्हणे. बाईंना ते पाहवेना.

त्यांनी पालकांची सभा बोलावली. चहा झाला, भाषण झाले, आणि रोज एकेका पालकाने मुलांना रस्ता पार करून द्यावा, असे ठरले. कोण येणार, असे विचारताच साऱ्यांनी माना खाली घातल्या. मी टेबलावर होते. मला नुसते भांग आणि टोप्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून बाई घरोघर जाऊ लागल्या. 'येणार का?' असे त्यांनी कोणालाच विचारले नाही. 'तुम्हाला मंगळवार सोयीचा की गुरुवार?' एवढेच विचारले. आठवड्यात बावीस नावे झाली.

माणसे मिळवण्याहून ती टिकवणे कठीण, हे बाई जाणून होत्या. म्हणून त्यांनी एक नियम घातला. ज्याचा वार संपला, त्याने संध्याकाळी मला दुसऱ्या दिवशीच्या पालकाच्या घरी न्यायचे, हातात द्यायचे आणि म्हणायचे, 'उद्याची पाटी तुमची.' समोरच्याने 'हो' म्हटले, की मी त्या घरची. वहीत नाव लिहिलेला माणूस विसरतो. परंतु पाटी घरात असली, की ती डोळ्यांसमोर राहते.

त्यामुळे मी पुष्कळ घरे पाहिली. कोणी मला देव्हाऱ्याशेजारी उभे केले, तर कोणी पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून घातले. एका गृहस्थांनी मला हातात धरून मोबाइलवर अकरा फोटो काढले आणि सकाळी रस्त्यावर मात्र बायकोला पाठवले. माणूस कौतुकाला पुढे आणि कामाला मागे असतो, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. पाहिले ते सांगते.

दिवाळीनंतर बाविसांतले नऊ उरले. कोणाची पाळीची ड्यूटी बदलली, कोणाचा कांदा काढायला आला. उरलेल्यांत सर्वांत नेमाच्या होत्या धुरपदाबाई. तिसरीतल्या तेजश्रीच्या त्या आजी. मुलगा चाकणला कामाला, घरी त्या, सून अनिता आणि नात. सोमवार त्यांचा. दहाच्या शाळेसाठी त्या साडेनऊलाच रस्त्यावर हजर. थंडीत नळी हाताला चावते म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी त्यांनीच माझ्यावर गुंडाळली आणि टाक्यांनी शिवून टाकली. 'दुसऱ्याच्या हातालाबी थंडी वाजतीच की,' असे त्या म्हणाल्या होत्या.

फक्त एक वार त्यांना वर्ज्य होता. शनिवारी शाळा सकाळी साडेसातला भरते, पौषात तेव्हा दाट धुके असते, आणि धुरपदाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. राजश्रीबाईंनी त्यांना बजावले होते आणि त्यांनीही ते मान्य केले होते. शनिवार होता शेजारच्या खोलीतील जयसिंगचा. त्यांचा मुलगा हृतिक तेजश्रीच्याच वर्गात.

त्या शुक्रवारी कस्तुराबाई नावाच्या पालक बाईंनी मला जयसिंगच्या हातात दिले. जयसिंगने 'व्हय' म्हटले. पुढे कंपनीतून फोन आला. कोणी आजारी पडले होते, पहिल्या पाळीला या. पत्नी माहेरी गेलेली. पहाटे जयसिंगने मला उचलले, चार पावले चालून धुरपदाबाईंच्या बंद दाराशी टेकवले आणि ते कंपनीची बस धरायला निघून गेले. दार वाजवले नाही. हाक मारली नाही.

उजाडताना माझ्यावर दव जमले होते. दार उघडले. धुरपदाबाईंनी मला पाहिले, शेजारच्या दाराशी बुटांच्या रिकाम्या जागेकडे पाहिले, धुक्याकडे पाहिले. घरात सून अजून निजलेली होती. मुलांची वेळ जवळ आली होती. त्यांनी पदराने माझ्यावरचे दव पुसले आणि मला उचलले.

सात मुलांना त्यांनी पार नेले. शेवटचा हृतिक. तो पलीकडच्या कडेला पोहोचला तेव्हा त्या रस्त्याच्या मध्यावर होत्या, मी त्यांच्या डोक्यावर उंच धरलेली. नगरच्या बाजूने दिवे आले. मला ते दिसले. त्यांना दिसले नाहीत. मी लाल होते, पण धुक्यात लाल रंगही राखाडीच दिसतो. मला ओरडता आले नाही. माझ्या अंगावर जे लिहिले आहे, तेवढेच मला म्हणता येते, आणि ते कोणी वाचले नाही.

माझ्या कडेला पोचा पडला. तो अजून आहे.

तेराव्यानंतर शाळेत सभा झाली. राजश्रीबाईंनी हलक्या आवाजात विचारले, शनिवार धुरपदाबाईंकडे कसा गेला? जयसिंग भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "रात्रीच म्हनल्या मावशी, उद्याचं मी बघते. मी नको म्हनलं, ऐकलं न्हाई."

मी कोपऱ्यात उभी होते.

म्हातारीचा हट्ट, असे सारे म्हणाले. मग कस्तुराबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मानूस खाती ती पाटी. माझ्या घरात आणू नका, बाई." शाळा समितीचे अध्यक्ष हौसराव यांनीही मान डोलावली. मला कपाटात ठेवण्यात आले.

कपाटात अंधार होता. पण दर शनिवारी सात वाजून गेले, की माझ्या नळीवरची पट्टी कोणीतरी मुठीत धरल्यासारखी आवळली जाई. आधी थंड, मग उबदार. साडेसातला मूठ सुटे. मी पत्रा आहे. मला भास व्हावेत असे माझ्यात काही नाही.

मुलांच्या कानावर वेगळेच येई. धुक्यात रस्त्याच्या मध्ये हिरवे लुगडे दिसते आणि मोटारी आपोआप हळू होतात, असे एका चहावाल्याने सांगितले. मोठी माणसे मुलांना गप्प करीत. परंतु त्या ठिकाणाहून स्वतः जाताना झपाझप पाऊल उचलत.

राजश्रीबाई आता वर्ग सोडून, रिकामा हात वर करून रोज मुलांना रस्ता पार करून देत. मुख्याध्यापकांनी त्यांना समज दिली. वर्ग सोडून रस्त्यावर उभे राहता येणार नाही. खोल्यांतील चार मुले शाळेत यायची बंद झाली. होळीपर्यंत पालक उभे राहिले नाहीत, तर उपक्रम बंद, असे हौसरावांनी सांगून टाकले. एका संध्याकाळी कपाट उघडून बाई माझ्या पट्टीवरचे टाके कितीतरी वेळ चाचपत राहिल्या. "तुम्ही मला न सांगता वार बदलणाऱ्या नव्हता," असे त्या म्हणाल्या. ते माझ्याशी नव्हते.

त्यानंतरच्या शुक्रवारी त्यांनी मला पदराआड घेतले आणि पुन्हा घरोघर नेले. या वेळी मंगळवार की गुरुवार, असे विचारण्याची सोयच नव्हती. माझा लाल काठ दिसताच दारे लोटली जात. एकीने चहा दिला, पण मला उंबऱ्याबाहेर ठेवायला लावले. शेवटी बाई खोल्यांच्या रांगेत आल्या आणि अनिताच्या दाराशी थबकल्या. तेथे विचारायचे त्यांच्या मनात नव्हते. अनितानेच विचारले, "कुनी घेतली न्हाई न्हवं?"

बाईंनी मान हलवली.

अनिता हात पुसून बाहेर आली. दोन महिने ती मेलेल्या सासूवर रागावून होती आणि ते तिने लपवले नाही. डोळ्यांना दिसत नाही आणि हौस मोठी, पोरीला पोरके करून गेली, असे ती म्हणाली. मग तिने हात पुढे केला. "द्या हिकडं. उद्या शनवार हाय. आत्याबाईंचा शनवार मी पुरा करते."

शेजारच्या दारात जयसिंग बूट घालीत बसले होते. एक बूट पायात, एक हातात. ते उठले नाहीत.

"शनवार मावशींचा नव्हता, वयनी."

अनिताने वळून पाहिले.

"माझा व्हता. त्यांनी मागितला न्हाई. मी पाटी तुमच्या दाराला टेकवून गेलो. सभेत खोटं बोललो."

नळावर भांडी घासणाऱ्या बायकांचे हात थांबले. माझी पट्टी आवळली गेली. बाईंनी तर मला वरून, पत्र्याला धरले होते.

"हाक का न्हाई मारली?" अनिता इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की जणू हातउसने नेलेले भांडे मागते आहे.

जयसिंगने हातातला बूट खाली ठेवला. "दार उघडलं असतं तर त्या न्हाई म्हनल्या असत्या," ते म्हणाले.

मला वाटले, आता ती किंचाळेल, किंवा मला उचलून त्यांच्या तोंडावर मारील. तिने बाईंच्या हातून मला घेतले, चार पावले चालून जयसिंगसमोर उभी राहिली आणि ते उभे राहीपर्यंत थांबली.

"उद्याची पाटी तुमची."

ती थांबून राहिली. नियम तोच होता. अखेर ते "व्हय" म्हणाले, तेव्हा तिने मला सोडले.

पुढच्या आठवड्यात कस्तुराबाई स्वतः शाळेत आल्या आणि बुधवार मागून गेल्या. पाटीने काही खाल्ले नव्हते, असे त्या सांगत होत्या, जणू हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. आज सहा वारांना सहा घरे आहेत. चारांपैकी तीन मुले परत आली. अनिताने शुक्रवार मागून घेतला. तोच हवा म्हणाली. का, ते राजश्रीबाईंनी विचारले नाही. दर शुक्रवारी दिवेलागणीला ती शेजारचे दार वाजवते, मला हातात देते आणि ते तीन शब्द उच्चारते. त्याखेरीज ती जयसिंगशी एक अक्षर बोलत नाही. तिने क्षमा केली की शिक्षा दिली, हे मी दर आठवड्याला त्या दोघांच्या मध्ये असूनही मला सांगता येत नाही.

शनिवारी जयसिंग मला उंच धरतात. पट्टीला ते हात लावीत नाहीत. तिच्या वरच्या अंगाला, नळीच्या थंड भागाला धरतात. तरीही सात ते साडेसात माझ्यावर दोन मुठी असतात. खालची मूठ नगरच्या बाजूला किंचित वळलेली असते.

माझा रंग उडू लागला आहे. शाळा नवीन पाटी करणार आहे, असे ऐकते. करावी. ती पट्टी मात्र तिला बांधावी. आणि मला अडगळीत टाकण्यापूर्वी माझे एक ऐकावे. आपल्याला जमत नसेल, तर तसे तोंडावर सांगा. दार वाजवा, दार उघडेपर्यंत थांबा, समोरच्याला 'नाही' म्हणू द्या. पण मला कोणाच्या बंद दाराशी टेकवून जाऊ नका. आत कोणीतरी असते, आणि ते मला उचलतेच.