इथून कुणी जात नाही

हॉइट लेडबेटरने मरायला नेमका हाच आठवडा निवडावा, असा एक दुष्ट विचार व्हर्ना कलब्रेथच्या मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. हॉइट भला माणूस होता. पण त्याची अंत्ययात्रा ठरली होती गुरुवारी सकाळी अकराला, आणि गुरुवारीच जर्मनीहून डॉक्टर व्हीझनरबाई येणार होत्या.

कारखान्याचं जर्मन नाव साउथ कॅरोलायनातल्या त्या गावात छत्तीस वर्षांत कुणाला धड उच्चारता आलं नव्हतं. सगळे नुसतं 'जर्मनांकडे' म्हणत. बाप जर्मनांकडे, पोरगा जर्मनांकडे. तिथे पंप बनत. आता कंपनीला नवं खातं काढायचं होतं, एक तर इथे, नाही तर टेनेसीतल्या तिच्या दुसऱ्या कारखान्यात; ते ठरवायलाच व्हीझनरबाई येणार होत्या. टेनेसीत गेलं की दोन-तीन वर्षांत जुनं खातंही त्याच्यामागे जाणार, हे मॅनेजर रँडलने व्हर्नाला खासगीत सांगितलं होतं. चारशे बारा माणसं. त्यांत एक व्हर्नाचा डस्टिन. कारखाना गेला तर तो बायको आणि पाच महिन्यांची पोर घेऊन टेक्सासची वाट धरणार, आणि व्हर्नाला नात दिसणार ती फोनवर.

व्हर्ना काउंटीच्या उद्योग विभागाची प्रमुख होती. परदेशी कंपन्यांना राजी करणं हेच तिचं काम. बंदर किती जवळ, हमरस्ता किती रुंद, कर किती माफ, हे तिला झोपेतही म्हणता आलं असतं. पण त्या सकाळी निम्मा कारखाना आपल्या सगळ्यात जुन्या माणसाच्या, हॉइटच्या, अंत्ययात्रेला जाऊन यंत्रं थंड पडली, तर त्या पाढ्यांना कोण विचारणार होतं?

म्हणून मंगळवारी ती केक घेऊन हॉइटच्या बायकोकडे, ओलेटाकडे गेली. केक सगळेच नेत होते, पण केक नेऊन प्रेत थांबवायची विनंती करणारी ती एकटीच. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलून तिने मनाचा हिय्या केला. अकराच्या ऐवजी एक वाजता प्रार्थना ठेवली तर? तोवर पाहुणी विमानतळाच्या रस्त्याला लागलेली असेल, आणि रँडल साडेबारापासून सगळ्यांना सुट्टी देईल.

ओलेटाने केक झाकून ठेवला. "हॉइट उभ्या जन्मात कधी कामावर उशिरा गेला नाही," ती म्हणाली. "एक दिवस उशीर झाला तर चालेल त्याला."

व्हर्ना गाडीत येऊन बसली आणि पाच मिनिटं तिला किल्लीच फिरवता आली नाही.

गुरुवारची सकाळ छान गेली. यंत्रं चालू, फरशी लख्ख, माणसं जागेवर. व्हीझनरबाई डॉक्टर होत्या त्या औषधाच्या नव्हे, आकड्यांच्या; कंपनीच्या हिशेबाच्या प्रमुख. उंच, पांढरे आखूड केस, बोलणं कमी. त्यांनी जमीन पाहिली, कामगार शिकवायची शाळा पाहिली, आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू दिली नाही. जेवायला भाजलेलं डुकराचं मांस आणि गोड थंड चहा होता. चहाचा एक घोट घेऊन त्यांनी पेला अलगद बाजूला सारला. मग घड्याळाकडे न बघताच म्हणाल्या, "माझं विमान मी संध्याकाळचं करून घेतलंय. मला पुन्हा कारखान्यात जायचंय. न कळवता."

एक वाजून गेला होता. हात धुवायचं निमित्त करून ती आत गेली आणि तिने रँडलला फोन लावला. बंद. रँडल प्रार्थनेला बसलेला असणार. डस्टिन, बंद. देवाच्या दारात शिस्तीत बसायचं हे डस्टिनला लहानपणी तिनेच शिकवलं होतं; आता तिला स्वतःलाच बदडावंसं वाटलं.

कारखाना सरळ रस्त्याने दहा मिनिटांवर. व्हर्नाने गाडी शेतांमधल्या लांबच्या रस्त्याला घातली. इकडची जमीनही बघा, पुढेमागे लागेल, असं काहीबाही सांगत ती वेळ काढू लागली. तासभर काढला तर निदान थोडी माणसं परत येतील. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. रस्ता बाप्टिस्ट चर्चवरून कब्रस्तानाकडे जातो, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा समोरच्या वळणावर पोलिसांची गाडी दिसली. तिच्यामागे काळी शवगाडी. आणि तिच्यामागे, भर दुपारी दिवे लावलेल्या गाड्यांची रांग.

रांग समोरून, पलीकडच्या बाजूने येत होती. व्हर्नाला थांबायची काहीच सक्ती नव्हती. ती सरळ निघून गेली असती तर पाहुणीला काही कळलंही नसतं. पण या भागात प्रेत समोरून आलं की मालवाहू ट्रकसुद्धा कडेला उभा राहतो. डोक्याने विचार करायच्या आत पायाने ब्रेक दाबला, गाडी गवतात उतरली, इंजिन बंद झालं. मग तिला आपण काय करून बसलो ते कळलं.

"बिघाड?" व्हीझनरबाईंनी विचारलं.

"नाही. कुणाला तरी पुरायला नेताहेत."

"नात्यातले?"

"कुणीही असो, थांबायचं असतं."

गाड्या हळूहळू जात होत्या. दहा, पंधरा, वीस. प्रत्येकीच्या आरशाला एक निळी पाटी लटकत होती. तिसावा आला तो रँडलचा ट्रक. त्याने सवयीने हात वर केला, व्हर्नाच्या शेजारी कोण बसलंय ते पाहिलं, आणि तो हात तसाच अधांतरी राहिला. त्याच्यामागे डस्टिनची गाडी, मागच्या सीटवर पोरीची खुर्ची.

"मिसेस कलब्रेथ, ती निळी पाटी आमच्या कारखान्याची आहे ना?"

"हो."

"मग आत्ता कारखान्यात कोण आहे?"

खोटं बोलता आलं असतं. पण शवगाडी नुकतीच पुढून गेली होती, आणि तिच्यात जो माणूस होता त्याला व्हर्नाने दोन तास थांबायला लावलं होतं. "फाटकावरचा रखवालदार," ती म्हणाली. आणि एकदा तोंड उघडल्यावर तिने केकपासून सगळं सांगून टाकलं. हॉइट इथे कामाला लागलेला पहिला माणूस. त्याला सहा महिने जर्मनीला शिकायला पाठवलं होतं. परत येऊन त्याने या सगळ्यांना हाताला धरून शिकवलं. सांगताना तिला वाटत होतं, संपलं सगळं. टेनेसीवाले आज रात्री मेजवानी करतील.

शेवटची गाडी गेली. व्हीझनरबाई तिच्यामागे बराच वेळ बघत राहिल्या.

"गेल्या पाच वर्षांत किती जण आमचं काम सोडून दुसरीकडे गेले?"

हा आकडा व्हर्नाला पाठ होता. "सात. त्यातल्या दोघी लग्न होऊन गेल्या."

"टेनेसीत वर्षाला शंभरेक जातात. शेजारच्या कारखान्याने थोडे जास्त दिले की चालले."

व्हर्नाचा ऊर भरून आला. तिच्या माणसांविषयी इतका वेळ ती बंदरं आणि रस्त्यांच्या भाषेत बोलत होती. आता प्रथमच मनापासून बोलली. "इथून कुणी जात नाही, डॉक्टर. आणि जाणार तरी कुठे? चाळीस मैलांत तुमच्याशिवाय कामाला ठेवणारं आहे कोण?"

व्हीझनरबाईंनी पर्समधून छोटी वही काढली, एक ओळ लिहिली आणि वही मिटली. "कारखान्यात जायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "विमानतळावर सोडा."

सहा आठवडे व्हर्नाचा जीव टांगणीला लागला होता. मग फोन आला. नवं खातं इथेच. राज्यपाल आले, चकचकीत फावड्याने त्यांनी माती उकरली, आणि परदेशी कंपन्या आपल्याच राज्यात का येतात ते वीस मिनिटं सांगितलं. बंदर, हमरस्ता, शाळा, कर. व्हीझनरबाई पहिल्या रांगेत होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी व्हर्नाचा हात हातात घेतला. "तुमचं वाक्य मी बोर्डापुढे जसंच्या तसं ठेवलं," त्या म्हणाल्या. व्हर्नाचे पाय दोन दिवस जमिनीवर ठरेनात. तिने ओलेटाकडे जाऊन तिचे पुन्हा आभार मानले.

रविवारी चर्चनंतर डस्टिन बायको-पोरीला घेऊन जेवायला आला. कारखान्यात वाटलेला एक कागद त्याच्या खिशात होता. नव्या खात्यात पगार जुन्या खात्याएवढाच, टेनेसीवाल्यांना कबूल केला होता त्याहून बराच कमी. आणि पुढची पाच वर्षं कुणालाच वाढ नाही.

"असू दे," तो म्हणाला. "काम राहिलं हेच खूप. पण आई, तू तिला त्या दिवशी सांगितलंस तरी काय? रँडल गावभर सांगत सुटलाय, कारखाना तुझ्या आईनं वाचवला म्हणून."

व्हर्नाने नातीला मांडीवर घेतलं. "इथून कुणी जात नाही, एवढंच म्हटलं."

डस्टिनच्या हातातला चिकनचा तुकडा मध्येच थांबला. मग तो हसला, राग नाही की रुसवा नाही, गणिताचं उत्तर जुळल्यावर पोरं हसतात तसा.

"मग बरोबर आहे की," तो म्हणाला. "मग पगार कशाला वाढवतील ते?"

त्याने चहाचा जग पुढे ओढून पेला भरला. बायको बटाटे वाढत होती. जे मागितलं होतं ते सगळं व्हर्नाला मिळालं होतं. पोर तिच्या मांडीवर होती, आता कुठे जाणार नव्हती. व्हर्नाने तिला जरा जास्तच घट्ट धरलं. ही तरी मोठी होऊन इथून निघून जावी, असं तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.